सुपारीवर जाणाऱ्या डीजेने अंगात काय घालावं?

खरखरीत_सुई
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी पुण्यात असतो, आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवार डीजेच्या सुपाऱ्या. दीड वर्ष झालं. कंट्रोलर (गाणी मिसळायचं यंत्र) आणि लॅपटॉप माझा, साउंड-लाइट एका दादांचे भाड्याने. गाण्यांचं टेन्शन आता येत नाही, कुठल्या घरात 'झिंगाट' कधी लावायचं आणि कुठल्या घरात अजिबात नाही हे साधारण चेहरे बघून कळतं. पण कपड्यांचं गणित काही सुटत नाहीये.

गेल्या महिन्यात सिंहगड रोडला साखरपुडा होता. माझ्याकडे काळे टीशर्ट सात आहेत, त्यातला एक घातला, पुढे छोटीशी कवटी. छोटीशी म्हणजे तळहाताएवढी. मुलीची आजी काठी टेकत माझ्यापर्यंत आली, मला वाटलं फर्माईश आहे, हेडफोन काढून खाली वाकलो. तर म्हणाली, "बाळा, तुमच्याकडे कुणी गेलंय का?" म्हटलं नाही आजी, सगळे ठीक आहेत. "मग शुभकार्याला हे काय घालून आलायस?"

पाच मिनिटांत मुलीचे मामा आले आणि स्वतःचं मोदी जाकीट काढून माझ्या अंगात घातलं. मामा एक्सएल, मी मीडियम. पुढचे तीन तास मरून रंगाच्या ब्रोकेडच्या तंबूत उभं राहून वाजवलं. जाकिटाचा कोपरा दोनदा जॉग व्हीलवर (कंट्रोलरवरच्या फिरत्या तबकडीवर) आला, एकदा तर ऐन गाण्यात खर्रर्र झालं. पब्लिकला वाटलं मी स्क्रॅच मारला, शिट्ट्या पडल्या.

तर आता पुढच्या महिन्यात तीन सुपाऱ्या आहेत. उरणला हळद, हिंजवडीतल्या एका कंपनीचा अ‍ॅन्युअल डे आणि एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शन. तिन्हीकडे काय घालू? डीजेने पाहुण्यासारखं दिसावं, कामाच्या माणसासारखं दिसावं की डीजेसारखं दिसावं? बजेट सगळं मिळून पाच हजार.

तिरकस_तात्या
एक कवटी छातीवर होती आणि दुसरी खांद्यावर रिकामी होती, असं आजींचं निरीक्षण दिसतंय. (हलकंच घ्या.)

झंपी
हसून हसून पुरेवाट. "तुमच्याकडे कुणी गेलंय का" 😂😂 ऑफिसात वाचत होते, बॉसने विचारलं काय झालं.

कोथरूडची_काकू
आजींचं काही चुकलं नाही. आपल्यात काळं घालायचं ते संक्रांतीला. नव्या सुनेला काळी चंद्रकळा, बाळाला बोरन्हाणाला काळं झबलं, वर हलव्याचे दागिने. थंडीत काळं ऊब धरतं म्हणून ते. बाकी लग्नकार्यात काळं नको म्हणजे नको. माझ्या मुलाच्या लग्नात फोटोवाले काळे, लाइटवाले काळे, डीजे काळा, त्याच्या हाताखालचा पोरगाही काळा. अल्बम उघडला की दर दोन फोटोंआड कडेला कुणीतरी काळं उभं आहे. सप्तपदीच्या फोटोत तर माझ्या सुनेच्या मागे अर्धा काळा माणूस आहे, कमरेपासून वर.

रेघोटी
काकू, तो अर्धा माणूस बहुतेक मीच असेन. (लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतो, १२ वर्षं.)

काळं घालण्यामागे कारण आहे हो. नाटकात दोन प्रवेशांच्या मध्ये खुर्च्या हलवणारे लोक काळ्या कपड्यात असतात, का तर अंधारात दिसू नयेत. तेच आमचं. पण गंमत अशी की नाटकात अंधार असतो आणि लग्नमंडपात दुपारी बारा वाजता लख्ख उजेड. तिथे काळं घातलेला माणूस लपत नाही, उलट उठून दिसतो. सकाळच्या कार्यक्रमाला मी स्वतः आता क्रीम नाहीतर फिका राखाडी शर्ट घालतो, आणि खरं सांगतो, तेव्हापासून मुलीकडचे लोक जेवायचं विचारायला लागलेत.

डीजेंसाठी कॅमेऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी. बारीक चौकडी किंवा बारीक रेघांचा शर्ट नको, व्हिडिओत त्यावर लाटा हलताना दिसतात. आणि मागे एलईडी वॉल असेल तर काळ्या कपड्यातला डीजे म्हणजे नुसती सावली, हात कुठे आहेत ते कळत नाही. क्लायंट नंतर म्हणतो डीजेचा एकही शॉट चांगला नाही. अरे तो होता कुठे शॉटमध्ये.

डॉल्बी_दादा
भावा मी कोल्हापूरकडचा. आमच्याकडं डीजे कोण म्हणत न्हाई, डॉल्बी म्हणत्यात. मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टॉप-बेस स्पीकरच्या भिंतीमागं उभा ऱ्हाऊन वाजीवतो, आमाला कोण बघतंय कपडं? गणपतीत अर्ध्या तासात गुलालानं सगळं एकच रंगाचं हुतंय. पहिल्या वर्षी पांढराशुभ्र शर्ट घातल्याला, संध्याकाळी घरात शिरलो तर आई वळखंना.

पण एक ध्यानात ठेव, वर काय बी घाल, पायात जाड रबरी सोलचं बूट पायजे. चप्पल न्हाई, लेदर सोल न्हाई, अनवाणी तर अजिबात न्हाई. पावसात मांडव वला, जनरेटरचं अर्थिंग कुणी धड केल्यालं नसतंय, आन मिक्सरच्या बॉडीला हात लागला की झटका. मला एकदा बसलाय, कोपरापर्यंत हात बधिर. तवापास्नं कपड्याचा इचार बुटापास्नं सुरू करतो.

शांतताप्रेमी
कपड्यांपेक्षा कानांची चर्चा करा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये बजावून सांगितलं, निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. आमच्या सोसायटीशेजारच्या लॉन्सवर ५५ डेसिबलला तर नुसता साउंडचेक होतो. तुम्ही कवटी घाला नाहीतर कुडता, आमच्या खिडक्या हलायच्या त्या हलतातच.

तिरकस_तात्या
म्हणजे रात्री दहानंतर एकच पोशाख चालतो. खाकी.

झंपी
तात्या 😂

डॉल्बी_दादा
@शांतताप्रेमी, तुमचं बरोबर हाय, आमी बी आता धाला बंद करतो, बंद न्हाई केलं की मिक्सर उचलून नेत्यात आन सोडवायला चकरा. पर त्यो धागा येगळा काढा की.

ब्यागभर_बाउन्स
मी मुंबईत डीजे आहे, बाई आहे, नऊ वर्षं हेच काम करते. त्यामुळे या विषयावर मला जरा जास्तच बोलायचंय.

मुलांचा प्रश्न "काळं की पिवळं" एवढाच असतो. माझं आधी स्टेजची उंची विचारण्यापासून सुरू होतं. स्टेज चार फूट, पुढे टेबलाला कापड लावलेलं नाही आणि पब्लिक खाली उभं, हे चित्र डोळ्यासमोर आणा आणि सांगा स्कर्ट घालायचा की नाही. मी कायम पँटच घालते. शिवाय केबल टाकायला, पॉवर बघायला दहा वेळा टेबलाखाली शिरावं लागतं, तेव्हा वाकल्यावर काय होतं हे घरी आरशासमोर बघूनच कपडा ठरवते. "मॅडम जरा ग्लॅमरस या" असं सांगणारे आयोजक कपडे बदलायला खोली देत नाहीत हा अनुभव इतक्यांदा आलाय की आता मेसेजमध्येच लिहिते, कुलूप लागणारी खोली पाहिजे. एकदा स्टोअररूम दिली होती, कांद्याच्या पोत्यांमध्ये. निम्मं रिसेप्शन मला माझ्याच ओढणीचा कांद्याचा वास येत होता, त्यानंतर ओढणी हा प्रकारच बंद केला. तशीही ती फेडरमध्ये (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीत) अडकतेच.

खरखरीत_सुई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर जाकिटातच आहे बघ. कपडा शोभतो की नाही ते नंतर, आधी हात मोकळे राहतात का ते बघ. बाही कोपराच्या वर किंवा घट्ट दुमडलेली. अंगठ्या, कडं, ब्रेसलेट काढून खिशात, मिक्सरवर ओरखडे पडतात ते वेगळंच आणि नॉबला लागून चालू गाण्याचा बेस उडतो. गळ्यात लटकणारं काही नको. पॉलिस्टर नको, मागे स्टेजचे पार लाइट (मोठे दिवे) तापलेले असतात, तासाभरात घामाने पाठ चिकटते. कॉटन किंवा लिनन. आणि एक जादा शर्ट गाडीत ठेवायचाच, तो कितीदा वापरावा लागतो ते सांगितलं तर खोटं वाटेल.

निऑन_नाना
वरचे मुद्दे बरोबर, माझी एक भर. यूव्ही लाइट असेल तर आधी विचारून घे. कपड्याच्या पावडरीत शुभ्रपणा दाखवायला एक रसायन असतं, ते अतिनील किरण शोषतं आणि निळसर प्रकाश बाहेर टाकतं. त्यामुळे पांढरा शर्ट ट्यूबलाइटसारखा पेटतो. गोव्यात हणजूणच्या ट्रान्स पार्ट्यांमध्ये लोक मुद्दाम असे कपडे घालायचे. पण काळ्या शर्टचं दुःख मोठं. काळ्यावर धुण्यातला बारीक कापूस चिकटलेला असतो, साध्या उजेडात दिसत नाही, यूव्हीखाली आकाशगंगा होते. मी एका कॉलेजच्या कार्यक्रमात दोन तास "हा कोंडा नाहीये" हे समजावत वाजवलंय.

(अवांतर: टॉनिक वॉटरपण यूव्हीखाली निळं चमकतं, क्विनीनमुळे. कुणाच्या ग्लासात काय आहे ते स्टेजवरून कळतं.)

हेल्मेट_हरी
सगळ्यांनी फार सीरियस घेतलंय. मार्शमेलो नावाच्या डीजेसारखं पांढरं डबडं डोक्यात घाल, विषय संपला. डेडमाउस उंदराचं तोंड घालतो, डाफ्ट पंकवाले हेल्मेट घालायचे. आजीला कवटी दिसणारच नाही.

तिरकस_तात्या
भर उन्हाळा, उरण, पत्र्याचा मांडव, डोक्यात डबडं. उघडाल तेव्हा आत मोदक तयार असेल.

पणजीचो_पाव
अरे हरी, त्या लोकांचं वेगळं मरे. त्यांना बघायला तिकीट काढून लोक येतात. २००७ ला कांदोळीला सनबर्न फेस्टिव्हल सुरू झालं तेव्हापासून बघतोय, तिथे डीजे बनियनवर उभा राहिला तरी पोरं नाचणार, त्याचंच नाव पोस्टरवर असतं. लग्नाच्या पोस्टरवर नाव व्होकलाचं (म्हणजे नवरीचं), तू कोण?

आमच्याकडे कॅथलिक रिसेप्शनला काळ्याचं काही वाकडं नाही, नवराच काळा सूट घालून उभा असतो. उलट तिथे टीशर्टवर गेलास तर गेटवरच विचारतील सामान उतरवायला आलास काय. लाइव्ह बँड असतो, सगळे सूटमध्ये नाहीतर एकसारख्या शर्टात, आणि बँडच्या ब्रेकमध्ये डीजे. बँडच्या शेजारी तू चुरगळलेला दिसलास की संपलं. मी डार्क ट्राउझर, पांढरा फुल शर्ट, वर वेस्टकोट. टाय क्लिप लावून, नाहीतर टाय लोंबून मिक्सरवर येतो. ब्लेझर फक्त नवरा-नवरीच्या एंट्रीपर्यंत आणि टोस्ट होईपर्यंत, नंतर खुर्चीला. समुद्राकडचं लॉन असलं की डिसेंबरात पण घाम सुटतो रे बाबा.

आणि आदल्या दिवशी रोस असला तर जुने कपडे. नारळाचा रस नवरीला लावायचा असतो, पण शेवटी शेवटी कोण कोणाला लावतो त्याचा पत्ता नसतो. कंट्रोलरवर मी प्लास्टिक घालून ठेवतो.

घाटावरचा_घारु
वेस्टकोटवर माझा अनुभव. नाशिकला हॉटेलात रिसेप्शन, पांढरा शर्ट, काळं वेस्टकोट, बो. आरशात बघून स्वतःवरच खूश. हॉलमध्ये गेलो तर वेटरचा ड्रेस सेम टू सेम. रात्रभरात मला अकरा जणांनी पाणी मागितलं, एका काकांनी तर रिकामी डिश लॅपटॉपवर ठेवली. शेवटी हेडफोन गळ्यात अडकवून जेवायच्या रांगेत उभा राहिलो तर कॅप्टन म्हणाला, "स्टाफचं जेवण मागे आहे."

झंपी
डिश लॅपटॉपवर!! आत काही होतं की नाही?

घाटावरचा_घारु
अर्धा गुलाबजाम. पाक स्पेसबारखाली गेला. अजून चिकटतो.

ठाण्याचा_ठेका
कोणी फेट्याबद्दल बोललंच नाही. गेल्या डिसेंबरात डोंबिवलीला एका लग्नात यजमान हौशी, सगळ्यांना फेटे. बँडवाले, वाढपी, मीपण. फेटे बांधणारा माणूस आला आणि मी नको नको म्हणेपर्यंत डोक्याभोवती केशरी कापडाचे वेढे सुरू, मागे शेमला सोडला, वर तुरा उभा केला. दिसत होतो मस्त, बायकोला फोटो पाठवला. मग हेडफोन घालायला गेलो.

हेडफोनचा पट्टा फेट्यावरून जाईना. पट्टा पूर्ण ताणला तरी कानापासून चार बोटं वर. हनुवटीखालून घालून बघितला, तर मान खाली केली की निसटतो. शेवटी एक कप खांदा आणि कानाच्या मध्ये दाबून धरला, जुन्या काळी लोक फोन धरायचे तसा, आणि चार तास वाकड्या मानेने वाजवलं. दुसऱ्या दिवशी मान हलत नव्हती. व्हिडिओत मी नवरदेवाकडे सतत संशयाने बघतोय असं दिसतं.

तेव्हापासून खिशात कानात घालायचे साधे इअरफोन ठेवतो. फेटा बांधायचाच असेल तर ते आधी कानात, मग फेटा.

कोथरूडची_काकू
फेट्याला नाही म्हणायचं नसतं, मान असतो तो. मान वाकडी झाली तरी.

ब्यागभर_बाउन्स
काकू 👏

गरबा_गुड्डी
नवरात्रात मी बोरिवलीला साउंडवर असते. तिथे आयोजक नऊ दिवसांचे नऊ रंग आधीच पाठवतात, करड्या दिवशी पिवळं घातलेलं चालत नाही. आणि स्टेजवर देवी असते, बूट बाहेर. मोज्याला भोक आहे की नाही ते घरून बघून निघा एवढंच सांगते. दुसऱ्या दिवशी माझा अंगठा रीलमध्ये होता.

@डॉल्बी_दादा, अनवाणी नको म्हणता ते पटलं, पण तिथे बूट चालत नाहीत मग काय करायचं?

डॉल्बी_दादा
पायाखाली रबरी मॅट टाकायची ताई. जाड. हार्डवेअरच्या दुकानात मिळतीय. देवीला मॅट चालती.

जर्सीतली_जाई
इकडे न्यू जर्सीत आमच्या भाच्याच्या लग्नाला लोकल डीजे घेतला होता. त्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्येच कपडे लिहिलेले, संपूर्ण काळा पोशाख. इकडे तीच रीत, कामाला आलेल्या माणसांनी काळं घालायचं म्हणजे पाहुण्यांत मिसळत नाहीत. मी कॉन्ट्रॅक्ट वाचलं आणि म्हटलं हे बदला, पुण्याहून सासूबाई येतायत. तो बिचारा गोंधळला, विचारतो मग काय घालू. आम्ही त्याला कुडता दिला, मोरपंखी. सहा फूट चार इंच माणूस, कुडता गुडघ्याच्या चांगला वर. पण सासूबाई इतक्या खूश की शेवटी त्याला ओवाळलं.

एक सुचवते, तिकडेपण हे लेखी का नाही ठरवत? ॲडव्हान्स घेताना फोनवर एक ओळ विचारायची, "कपडे कुठल्या रंगाचे चालतील, कुठले नकोत." दहा सेकंदांचं काम आहे.

रेघोटी
+१. "काय घालू" असं विचारलं तर लोक म्हणतात काहीही चालेल. "काय नको" विचारलं की लगेच यादी येते.

उरणचा_आगरी
धागा आज बघितला. उरणच्या हळदीचं मी सांगतो, आमचंच गाव.

पयलं म्हणजे पांढरा घालू नको. मुद्दाम फासतील, पाहुणा डीजे म्हणून जास्तच. घरातल्या सगळ्यांचे बरेचदा एका रंगाचे कपडे असतात, करवल्यांचे वेगळे, मुलांच्या ग्रुपचे छापलेले टीशर्ट. तुलापण एक टीशर्ट देतील, तो घाल, त्यात मान आहे आणि कुणी बाहेरचा म्हणून हटकत नाही. टीशर्टवर नवऱ्याचा फोटो असेल, लाजायचं नाही.

आणि कपड्यापेक्षा मोठी गोष्ट, धवलारीण धवले (लग्नाची पारंपरिक गाणी) म्हणायला बसली की फेडर खाली. पूर्ण खाली. बेस हळू ठेवून चालवतो वगैरे नाही. आमच्यात लग्न लावायचा मान पूर्वी तिचाच, ती गाते तेव्हा डीजे थांबतो. हे ज्याला कळतं त्याला पुढच्या वर्षीची सुपारी तिथेच मिळते, मग तू गोणपाट घालून आलास तरी चालेल.

खरखरीत_सुई
@उरणचा_आगरी मनापासून आभार, धवलारीणचं कुणीच सांगितलं नव्हतं. घरच्यांना फोन करून टीशर्टची साईज दिलीय.

झंपी
हळदीचा डाग निघतो का कपड्यावरून? माझ्या बहिणीच्या हळदीतला पांढरा कुडता साबण लावल्यावर लालभडक झाला, मी घाबरून टाकून दिला.

कोथरूडची_काकू
अगं टाकलास कशाला! साबणात खार असतो, हळदीला खार लागला की ती लाल होते. कुंकू असंच तर करतात, हळदीला चुना लावून. त्या लालला घाबरायचं नाही, स्वच्छ पाण्याने खळबळून काढायचं आणि कडक उन्हात टाकायचं, ओलंच. हळद उन्हाला टिकत नाही. दोन-तीन उन्हं दिली की जातो डाग. मात्र सावलीत वाळवलास तर आयुष्यभर राहील.

झंपी
काकू तुम्ही तीन वर्षांपूर्वी का नाही भेटलात 😭

हेल्मेट_हरी
डीजेच्या धाग्यावर धोबीघाट.

शांतताप्रेमी
धोबीघाट चालेल, आवाज तरी कमी असतो.

ब्यागभर_बाउन्स
@खरखरीत_सुई कंपनीच्या कार्यक्रमाचं राहिलंच. तिथे सोपं आहे, साधा गडद निळा शर्ट, जीन्स नको, बूट साधे, छातीवर दुसऱ्या कुठल्या ब्रँडचा लोगो नको. मी एकदा एका मोबाइल कंपनीच्या पार्टीत त्यांच्या स्पर्धक कंपनीने फुकट दिलेली टोपी घालून गेले होते. टोपी माझी आवडती होती, बाकी काही मनात नव्हतं. एचआरवालीने काळ्या टेपने लोगो झाकला. टेप केसांना चिकटली.

आणि निळाच घेतलास तर रिसेप्शनलापण तोच चालतो, वर एक नीट मापाचं बंदगळा जाकीट भाड्याने घे, ड्रेसवाल्यांकडे मिळतं. मापाचं. मामाचं नको.

खरखरीत_सुई
मंडळी, महिना झाला, वृत्तांत देतो.

उरण: टीशर्ट मिळाला. पिवळा, पुढे नवऱ्याचा फोटो, मागे "करवल्यांचा लाडका". मागचं कुणी वाचलं नव्हतं, मीपण नाही, रात्री घरी आल्यावर आईने वाचलं. चुकून करवल्यांच्या गठ्ठ्यातला दिला होता. धवलारीण आजी बसल्या तेव्हा फेडर खाली घेतला, हेडफोन पण काढून ठेवला. वीस-पंचवीस मिनिटं नुसता त्यांचा आवाज, मांडवात दुसरं काही नाही. खरं सांगू, नंतर पहिलं गाणं लावायला हात होईना, काय लावलं तरी फालतू वाटणार होतं. शेवटी एक जुनं कोळीगीत लावलं, ते चाललं. रबरी बूट घातले होते. जमीन ओली होती, जनरेटर रॉकेलवाल्याच्या काळातला, झटका नाही बसला. दादा, तुमच्या नावाने नारळ फोडतो.

हिंजवडी: निळा शर्ट. कुणीच काही बोललं नाही, मी याला यश समजतो. फक्त शर्ट नवीन होता आणि कॉलरमागचं किमतीचं लेबल काढायचं राहिलं, ते अकाउंट्सच्या एका मॅडमनी काढून हातात दिलं, म्हणाल्या "सेलमध्ये घेतलाय, छान."

हॉटेल: शर्ट तोच, जाकीट लक्ष्मी रोडजवळून भाड्याने, मापाचं, सातशे रुपये दोन दिवस. आत शिरताना आधी वेटरांचे कपडे बघितले (@घाटावरचा_घारु ❤️). त्यांचं काळं होतं, माझं बिस्किट रंगाचं. तरी एका आजोबांनी मला थांबवलं. पोटात गोळा आला. तर म्हणाले, "नवरदेवाचे मित्र का? जेवून जा हं." जेवलो. पाहुण्यांच्या रांगेत.

खर्च एकूण तीन हजार आठशे, त्यात मॅट पण आली.

कोथरूडची_काकू
छान केलंस रे. मामांचं जाकीट परत दिलंस का?

खरखरीत_सुई
द्यायला गेलो होतो ड्रायक्लीन करून. त्यांनी चहा पाजला आणि मे महिन्यातली तारीख विचारली, त्यांच्या मुलाची मुंज आहे. संध्याकाळी गाणी हवीत. त्या आजीपण असणार आहेत.

आता मुंजीला काय घालतात?

तिरकस_तात्या
सोवळं. हेडफोन एका कानावर ठेवायची सवय आहेच तुला, दुसऱ्यावर जानवं.